दुसरा रिमोट

आपल्याला व्हिडिओ गेम खेळता येतो, असं फरहानाला नऊ वर्षांची होईस्तोवर वाटत होतं.

उमरग्यात त्यांच्या गल्लीतला पहिला गेम त्यांच्याच घरी आला. मामूनं हैदराबादहून आणला होता. पिवळ्या कॅसेटमध्ये फुंकर मारून ती बसवली की टीव्हीवर बंदूकवाला माणूस पळायचा. रिमोट दोन. एक मोठ्या भावाच्या, रिजवानच्या हातात, दुसरा फरहानाच्या. दोघं मिळून एकच माणूस पळवतोय, असं त्यानं तिला सांगितलेलं. पोरगी अंगठ्याला फोड येईस्तोवर बटणं दाबायची. माणूस पुढं गेला की रिजवान म्हणायचा, "बघ, मी नेला." मेला की, "तुझ्यामुळं मेला." आणि ही येडी रडून माफी मागायची.

एकदा झाडताना तिनं सतरंजी उचलली, तर तिच्या रिमोटची वायर खाली गुंडाळून पडलेली. कुठंच जोडलेली न्हाय. ती रडतच अम्मीकडं गेली. अम्मी, हमिदाबी, भाकरी थापता थापता हसल्या. "अगं, भावानं मन राखलं तुझं. न्हायतर जवळ बसू दिलं असतं का?" सगळं घर हसलं. मग फरहानापण हसली. काय करणार बापडी.

पुढं तिचं सगळं असंच विचारून विचारून केलं. बारावीनंतर शिकायचंय का, असं विचारलं, तेव्हा बसवकल्याणच्या पाहुण्यांना होकार जाऊन बसला होता. नवरा पसंत आहे का विचारलं, तेव्हा मंगनीची साखर गल्लीभर वाटून झालेली. त्याच नवऱ्यानं पुढं तलाक देऊन घरी धाडलं, तेव्हा मात्र सगळे एका सुरात म्हणाले, तुझंच काहीतरी चुकलं असणार.

परत आली ती अब्बांच्या दुकानात बसायला लागली. अब्बांचं, म्हणजे वलीभाईंचं, हायवेलगत मिक्सर, पंखे दुरुस्तीचं दुकान. म्हाताऱ्याचे हात थरथरायला लागले होते, म्हणून त्यांनी लेकीला मोटारीची वायंडिंग शिकवली. "आधी करंट येतोय का बघ, मग मशीनला शिव्या दे," एवढंच त्यांचं सांगणं. अब्बा गेले, तरी दुकान तिनं चालवलं. पार जळकोटहून लोक तिच्याकडं मिक्सर घेऊन यायचे. तिनं हात लावला आणि चालू झाली, अशी आयुष्यात तिला ही एकच गोष्ट मिळाली होती.

अन मग रिजवान हैदराबादहून गाडी घेऊन आला. "दुकान शेजारच्या दवाखान्याच्या डॉक्टरला विकायचं ठरवलंय. तू फक्त तुझ्या वाट्याच्या हक्कसोडपत्रावर सही कर. सगळ्या बहिणी करतात."

अम्मीनं बिर्याणी केली, तिला नवा ड्रेस आणला. बहिणीला सहीला न्यायचं तर आधी जेवण, नवं कापड, ही इकडं घरोघरची रीत. केसानं गळा कापायचा, तोही केसाला तेल लावून.

रजिस्ट्री ऑफिसच्या बाकावर रिजवान लई खुशीत होता. कागद तयार करणाऱ्या वकिलाला म्हणाला, "लहानपणी हिला वायर नसलेला रिमोट द्यायचो बघा. तरी किती खूश असायची." वकील हसले. अम्मीपण हसल्या. या खेपेला फरहाना हसली न्हाय.

आत रजिस्ट्रार साहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "ताई, स्वखुशीनं हक्क सोडताय ना?"

रिजवान मोबाईल बघत होता. उत्तर काय येणार, हे तो धरूनच चालला होता.

"न्हाय," फरहाना म्हणाली.

साहेबांनी तिच्याकडं नीट बघितलं आणि कागद परत केला. रिजवान अम्मीकडं बघत राहिला. दस्त झाला न्हाय.

संध्याकाळी त्यानं अम्मीची पेटी गाडीत टाकली. इतकी वर्षं त्याच्या घरात म्हातारीला जागा न्हवती, ती त्या दिवशी झाली. फरहाना गाडीशी गेली. रिजवाननं तोंड फिरवून गाडी चालू केली. अम्मी मात्र काच खाली करून रडायला लागल्या.

"आमी काय वाईट केलं गं तुझं? आजवर सगळं तुला विचारूनच केलं न्हवं?"

फरहानाच्या तोंडाशी लई काही आलं होतं. पण अम्मीच्या तोंडाकडं बघून तिला कळलं, की अम्मीला ते खरंच तसं वाटतंय. गाडी हायवेला लागली, तशी तिनं जाऊन दुकान उघडलं.