अकरा महिन्यांचे मंत्री

होकार द्यायचा असला की ते मान आडवी हलवत. बल्गेरियात तशीच पद्धत आहे. मला हे ठाऊक नव्हतं. पहिल्याच विंटरमध्ये मी विचारलं, "तुमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करू का?" त्यांनी मान हलवली आणि मी घरात निघून गेलो. ते अर्धा तास दारात माझी वाट पाहत उभे होते.

कॅनडातल्या मिल्टनमधले ते आमचे शेजारी, मुलीकडे राहणारे. वय ऐंशीच्या पुढे. तरुणपणी तिकडच्या सरकारविरुद्ध चोरून पत्रकं छापली, तुरुंगात गेले, पुस्तकं लिहिली, आणि ते सरकार पडल्यावर मंत्रीही झाले. तुम्ही पाहिलं असतं तर मंत्री वाटले नसते. पुण्याहून कुणी आलं की मी मात्र तशीच ओळख करून द्यायचो.

"अकरा महिने," ते म्हणत. "ऑफिसातला हीटर बंद होता."

त्या कारकिर्दीबद्दल यापलीकडे मी काही ऐकलेलं नाही.

ते आत्मचरित्र लिहीत होते. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणजे प्रिंटर दुरुस्त करतो, अशी त्यांची समजूत होती. ती मला शेवटपर्यंत मोडता आली नाही.

एका शनिवारी ते एकच छापलेलं पान घेऊन आले. "कोमशू," शेजाऱ्याला ते असंच म्हणत, "हॅमिल्टनला सोडाल? मुलीला सांगू नका."

गाडीत त्यांनी सांगितलं. चौकशीच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी एक नाव सांगून टाकलं होतं, पत्रकं टाइप करणाऱ्या मित्राचं. ते स्वतः वर्षभरात सुटले. मित्र पाच वर्षं आत राहिला. तो आता नाही, त्याची बायको हॅमिल्टनला असते.

"मुलीला वाटतं, मी शूर आहे," ते म्हणाले. मग विंटर टायर बसवलेत ना, असं विचारलं.

बाईंनी चहा दिला, चष्मा लावला आणि पान सावकाश वाचलं. मला कळावं म्हणून दोघंही इंग्रजीत बोलले. मला कळलं नसतं तरी चाललं असतं.

"मला माहीत होतं," बाई म्हणाल्या. "सुटून आला त्याच आठवड्यात त्याने सांगितलं."

"तरी तुम्ही दर ख्रिसमसला मला कार्ड पाठवायचात?"

"तोच पाठवायला लावायचा."

मग त्यांनी विचारलं, "हे पान काढून टाकू?"

"ठेवा. पण इथे त्याच्या नावाचं नुसतं पहिलं अक्षर का? त्या लोकांना पूर्ण नाव सांगितलंत ना? मग इथेही पूर्ण लिहा."

परतताना ते हायवेवर रडले. मी रेडिओ लावला. ट्रॅफिकची माहिती चालू होती. ती आम्ही दोघांनी लक्षपूर्वक ऐकली.

पुस्तक निघालं, आणि पुढच्या फेब्रुवारीत ते गेले. अंत्यनिरोपाच्या हॉलमध्ये बाई अगदी मागे उभ्या होत्या. मुलगी जवळ गेली. "आपण कोण?"

बाईंनी आपल्या नवऱ्याचं पूर्ण नाव सांगितलं.

मुलीने पुस्तक वाचलेलं होतं. तिने बाईंचा हात धरला आणि त्यांना पुढच्या रांगेत, घरच्या माणसांमध्ये नेऊन बसवलं.