गुरूचा अस्त आणि पुतणीची परीक्षा

पुतणीने मला एकच काम दिले होते. "काका, पाव्हणे आले की तुमी फक्त गप बसायचं."

जूनअखेरीस तिची अधिकारीपदाची परीक्षा होती आणि लग्न त्यानंतर व्हावे, एवढेच तिला हवे होते. वडिलांपुढे, म्हणजे माझ्या थोरल्या भावापुढे, हे बोलण्याचे धैर्य तिला झाले नव्हते. पण गरजही उरली नव्हती. पंचांगात गुरू आणि शुक्र या दोघांचेही अस्त लागून आले होते आणि पाठोपाठ चातुर्मास होता. तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्तच नाही. मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलेला माणूस. मला केवळ पोहे खायचे होते.

भावाच्या पेडगावच्या घरी बैठक बसली. पाथरीहून आलेल्या मुलाच्या मामांनी सहज विचारले, "सर, अस्त म्हंजे गुरू बुडतो काय हो?"

होय, बुडतो, असे म्हणून मी बशीत पाहायला हवे होते.

"बुडत नाही," मी नम्रपणे म्हणालो. "ग्रह आकाशात सूर्याच्या इतका जवळ येतो, की त्या झगझगाटात आपल्याला दिसेनासा होतो. प्रत्यक्षात गुरू सूर्याच्याही कितीतरी पलीकडे असतो. पाथरी रोडला रात्री समोरून ट्रक दिव्यांचा अप्पर मारत आला, तर शेजारची सायकल दिसते का?"

"न्हाई."

"म्हणून सायकल नाहीशी होते का?"

"म्हंजे गुरू हाय जागेवर?"

"सुखरूप आहे."

"मंग अडलंय कुठं? पुढच्याच महिन्यात उरकून टाकू की!"

भावाचा चेहरा उजळला. स्वयंपाकघरात एक भांडे, पडले नव्हे, आपटले गेले.

मी घाबरलो आणि मग जे केले त्याची लाज मला आजही वाटते. फलज्योतिषावर वर्गात हसणारा मी घसा साफ करून म्हणालो, "पण जूनमध्ये शनी वक्री होतो आहे."

मामा सावरून बसले. "वक्री म्हंजे?"

खोटे बोलायचे, तर ते निदान पूर्ण बोलावे. मला तेही साधले नाही. "आपली एसटी जीपला मागे टाकते, तेव्हा जीप मागे सरकल्यासारखी वाटते. तशी पृथ्वी आतल्या मार्गाने वेगात जाऊन शनीला ओलांडते, म्हणून काही महिने तो उलटा चालल्यासारखा दिसतो."

"म्हंजे त्योबी सरळच जायलाय!" मामांनी मांडीवर थाप मारली. "लय भारी सांगता सर तुमी. फोडा सुपारी!"

तेवढ्यात पुतणी चहा घेऊन बाहेर आली. ट्रे खाली ठेवून ती मामांना म्हणाली, "मामा, ग्रहांचं राहू द्या. जूनमधी माझी परीक्षा हाय. लग्न दिवाळीनंतर करू."

भावाने माझ्याकडे असे पाहिले, जणू परीक्षा मीच देणार होतो.

मामांनी चहाचा घोट घेतला. "आधीच सांगायचं ना, पोरी. दिवाळीनंतर तर दिवाळीनंतर. त्या गुरूला उगंच कामाला लावलं."

सुपारी फुटली. पुतणीने पोह्यांची दुसरी बशी माझ्या हातात दिली.

"खा काका. तोंडात घास असला की तुमी बोलत न्हाई."

ही बशी आधीच द्यायला हवी होती, असे माझ्या मनात आले. पण तोंडात घास होता.