एका कटिंगमध्ये वीस गणितं

सलूनवाल्याच्या लेकीची प्रवेश परीक्षा आठ दिवसांवर आली होती आणि तिच्या सरावाची सूत्रं बापाने स्वतःच्या हाती, म्हणजे कात्रीच्या हाती घेतली होती. एक कटिंग वीस मिनिटांची, तेवढ्यात वीस गणितं, असा त्याचा नियम. लेक कोपऱ्यातल्या बाकावर वही घेऊन बसायची, गिऱ्हाईक खुर्चीत टेकायचं आणि बाप म्हणायचा, "हं, सुरू!"

इथे तिची विसाच्या वीस गणितं वेळेत व्हायची. काल क्लासमधल्या सराव परीक्षेत मात्र सात राहिली.

"तिथे वेळ पळतो, बाबा," ती रडकुंडीला आली.

"पळतो कसला! घाबरतेस तू. चल, सुरू!"

थोड्या वेळाने खुर्चीतले पोस्टमनकाका कुरकुरले, "अरे, कानामागचे केस केव्हाच संपले. नुसती हवा कापतोयस!"

लेकीने अडलेल्या गणितातून मान वर केली. बाप आरशातून तिच्या वहीकडे बघत रिकामी कात्री वाजवत होता.

"बाबा! रोज असंच करता?"

"अगं, तू अडलीस की हात आपोआप मंदावतो," बाप ओशाळला.

"आणि परीक्षेत कोण मंदावणार?"

लेकीने मोबाईलवर वीस मिनिटांचा गजर लावला, नवं पान उघडलं आणि मान खाली घातली. गजर वाजला तेव्हा चार गणितं राहिली होती.

"चारच ना? होतील," ती म्हणाली. "आठ दिवस आहेत."

बापाचा चेहरा मात्र एवढासा झाला. "काका," तो हळूच म्हणाला, "अजून थोडे बारीक करू का?"

काकांनी दोन्ही हातांनी डोकं झाकलं.