उद्या आठ ते चार पाणी बंद

नोएलीन हेबरफील्डला आमच्या पाणी कंपनीने गेल्या आठवड्यात काढून टाकलं. सत्तावीस वर्षं ती मुंडारू गावातल्या कचेरीच्या काउंटरवर बसली होती. निरोपाला केकसुद्धा आणला नाही. बरंच झालं म्हणा, कंपनीच्या केकवर तिचा राग होता.

त्या रागाला कारण होतं. घरात मार खाऊन बाहेर पडलेल्या बायकांचा नवा पत्ता पाणी कंपनीने कुणालाही कळू द्यायचा नाही, असा राज्याचा नियम आहे. नवरा समोर येऊन उभा राहिला तरी नाही. हा नियम शिकवायला आमचा साहेब डेमियन जांभळा टाय लावून आला, कारण घरातल्या मारहाणीविरुद्धच्या मोहिमेचा तो रंग, आणि येताना जांभळे केक घेऊन आला. दोन तास पडद्यावरचं वाचून दाखवलं. शेवटी नोएलीनने हात वर केला.

"डेमियन, केकला जांभळा रंग दिला की बाईच्या डोळ्याखालचा जातो का रे?"

कुणी हसलं नाही. मी तर केक खात होते.

नोएलीनला गोड बोलता यायचं नाही. म्हाताऱ्यांची गळकी नळजोडणी ती फोनवरच्या वर्णनावरून ओळखायची आणि वर त्यांनाच झापायची. पण केरिन टोलहर्स्ट काउंटरवर आली, तेव्हा तिने खुर्ची पुढे ओढली आणि आवाज इतका खाली आणला की शेजारी बसून मला जेमतेम ऐकू आलं. केरिन चाळीस किलोमीटरवरच्या गावात लपून राहायला गेली होती. तिला तिथे स्वतःच्या नावावर पाणी हवं होतं.

तिचा नवरा रस म्हणजे आमच्या फुटबॉल क्लबचा अध्यक्ष. दर शनिवारी हार्डवेअरच्या दुकानाबाहेर उभा राहून क्लबच्या मदतनिधीसाठी सॉसेज भाजून विकतो. जो सॉसेज भाजतो तो सज्जन, असा आमच्या गावाचा शोध आहे. मागच्या वर्षी केरिनचा हात प्लास्टरमध्ये होता, तेव्हा गाव म्हणालं, घोड्याने पाडलं बिचारीला. टोलहर्स्टांकडे घोडा नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. "कुठल्या घोड्यावरून पडलीस गं?" असं मीही तिला हसून विचारलं होतं. त्या वेळी माझ्या हातात सॉसेज होतं.

नोएलीनने केरिनच्या नावापुढे गुप्ततेची खूण केली. नियमाप्रमाणे सगळं झालं. तिथेच घात झाला. खूण पडली की मुख्य कचेरीतलं यंत्र आपणहून एक पत्र छापतं: 'तुमचा पुढील पत्ता आम्ही सुरक्षित ठेवला आहे.' खाली तो नवा पत्ता, ठळक अक्षरांत. आणि पत्र टपालाने जातं ते खात्यावरच्या जुन्या पत्त्यावर, म्हणजे रसच्या घरी. एवढी अक्कल एका माणसाकडे नसते, त्याला कंपनीच लागते.

बुधवारी नोएलीनला पडद्यावर दिसलं, पत्र निघालंय; शेजारून मीही पाहिलं. ती डेमियनकडे धावली.

"फॉर्म भर," तो म्हणाला. "दहा दिवसांत उत्तर येईल."

"उद्या दुपारी पत्र त्याच्या हातात असेल, डेमियन. दहा दिवसांनी तू तिच्या अंत्यविधीला जांभळा टाय लावून येशील."

"हे बोलणं बरं नाही, नोएलीन."

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ती गाडी घेऊन गेली. गावाबाहेरच्या रस्त्यावर रसचं फाटक आहे. तिथे खांबावर जुना दुधाचा कॅन आडवा ठोकलाय, तीच त्याची टपालपेटी. टपालवाला बाराला टाकून जातो. तिने पत्र काढलं, एवढ्यात रसची गाडी आली.

"काय गं नोएलीन, आता टपालही तूच वाटतेस का?"

"उद्या पाणी बंद आहे, रस. आठ ते चार. चिठ्ठी टाकायला आले होते." आमच्याकडे तशा छापील चिठ्ठ्या असतात. तिने पिशवीतून एक काढून तारीख टाकली आणि त्याला दिली.

"एवढ्या उन्हात? तुमच्याकडची पुरुष माणसं कुठे गेली?"

"केक खातायत."

तो खदाखदा हसला. पत्र तिच्या दुसऱ्या हातातच होतं. बाईचा हात त्याने पिरगळण्यापुरताच पाहिलेला, त्यात काय आहे ते बघायची त्याला सवय नव्हती.

शुक्रवारी त्या शूर गड्याने टब भरला, बादल्या भरल्या, बिअर थंड ठेवायची पेटीसुद्धा पाण्याने भरली. पाणी काही गेलं नाही. सोमवारी त्याने फोनवर डेमियनची खरडपट्टी काढली, आणि डेमियनने, आयुष्यात पहिल्यांदाच, त्याच दिवशी चौकशी केली.

नोएलीनने सगळं सांगून टाकलं. "शेजारी बसते ना, हिने पडदा पाहिलाय. विचार हिला."

दोघं माझ्याकडे बघत होती. मी स्टेपलरकडे बघत होते. "मला काही माहीत नाही," मी म्हटलं. नसलेला घोडा मला माहीत होता, हे मात्र माहीत नव्हतं!

खोटी चिठ्ठी दिली आणि दुसऱ्याचं टपाल उचललं, म्हणून नोकरी गेली. रसला कंपनीने कळवलं की चिठ्ठी चुकून आली, क्षमस्व. "आणि केरिनलाही आपण माफीचं पत्र पाठवणार आहोत, आत तिचा नवा पत्ता छापून," डेमियन छाती फुगवून म्हणाला.

"कुठल्या पत्त्यावर?" नोएलीनने विचारलं.

"यंत्रात असेल त्या."

"तो बदललास?"

"फॉर्म भरलाय."

नोएलीनने आपला चहाचा मग आणि टेबलाखालच्या सपाता पिशवीत घातल्या. मला वाटलं, आता मला शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती जवळ येऊन एवढंच म्हणाली, "पत्रं बुधवारी निघतात. गुरुवारी बारानंतर जा. झाकण गच्च बसतं, डावीकडून उचल."

काल गुरुवार होता. मी गेले. उन्हाने कॅन तापला होता आणि झाकण खरंच डावीकडूनच उघडतं. माफीचं पत्र आत होतं, जांभळ्या पाकिटात. ते मी पिशवीत टाकलं आणि मागे गाडी थांबल्याचा आवाज आला. रसने काच खाली केली.

"काय गं, परत पाणी बंद की काय?"

मी पिशवीतून छापील चिठ्ठी काढून तारीख टाकली.

"हो," मी म्हटलं आणि चिठ्ठी त्याच्या हातात दिली. "उद्या आठ ते चार. टब भरून ठेव."