पाटावर बसवलेला कॉम्प्युटर

इथे, लोकांच्या भुताखेतांच्या अनुभवांच्या या ग्रुपवर, मी आजवर फक्त वाचायला यायचे, आणि तेही बहुतेक वेळा नवऱ्याला वाचून दाखवून हसायला. पांढऱ्या साडीतली बाई, रिकाम्या घाटात लिफ्ट मागणारा माणूस... असलं काही कोणी सांगितलं की माझा पहिला प्रश्न असायचा, झोप नीट झाली होती का? मी सिव्हिल इंजिनिअरिंग शिकवते. पाणी उताराकडे जातं आणि खांबाला तडा गेला तर त्याला काहीतरी कारण असतं, एवढ्यावर माझा विश्वास. आणि माझ्या अनुभवात बाई नाही, घाट नाही, अंधारसुद्धा नाही. एक कॉम्प्युटर आहे आणि भर दुपार आहे. कोणाला घाबरायची हौस असेल तर त्यांची निराशा होईल, आधीच सांगते.

आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो. नवरा नितीन, सासूबाई आणि मी. मुलगी शिकायला बाहेरगावी गेल्यापासून तिच्या खोलीत माझं टेबल आणि कॉम्प्युटर आहे. नोकरी ठाण्यातल्या एका खाजगी कॉलेजात. वयाच्या चाळिशीत पीएचडीला नाव घातलं, कारण कॉलेजने स्पष्टच सांगितलं की पीएचडी नसेल तर फार दिवस ठेवता येणार नाही. नोकरी, घर, पेपर तपासणं आणि त्यातून उरलेल्या वेळात संशोधन. कसलं संशोधन हो... डोळे मिटत असताना स्क्रीनकडे बघत बसणं!

विषय होता उल्हास नदीचा. पूर आला की शहाडच्या बाजूला पाणी कुठपर्यंत चढतं, हे कॉम्प्युटरवर करून बघायचं. त्यासाठी मी उन्हातान्हात तिथल्या घरांतून फिरलेले, भिंतींवरच्या पाण्याच्या खुणा मोजलेल्या. हिशेब करणारा प्रोग्राम माझ्या गाइडच्या जुन्या विद्यार्थ्यांनी लिहिलेला. सर ठाण्यातच नौपाड्यात राहतात, आता निवृत्तीला आलेत. कॉलेजच्या ज्या जुन्या मशीनवर तो प्रोग्राम तयार होऊन चालत होता, ते मशीन उन्हाळ्यात बंद पडलं ते पडलंच. प्रोग्रामचा लिहिलेला मजकूर तेवढा माझ्याकडे होता. पण नुसता मजकूर चालत नाही. तो मशीनला कळेल अशा रूपात आणावा लागतो, म्हणजे कंपाइल करावा लागतो. मला वाटलं, एका रविवारचं काम.

ज्यांनी हे केलंय त्यांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते — असा मोठा प्रोग्राम एकटा येत नाही. त्याला दहा जणांची मदत लागते, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेली तयार गणितं. त्यांना लायब्ररी म्हणतात. मग त्या लायब्ररीला आणखी कोणीतरी लागतं. हे म्हणजे लग्नाच्या बोलावण्यासारखं. मामा म्हणतात काका आले तर मी येणार नाही, आणि काका आल्याशिवाय आत्या येत नाही. एक एरर घालवली की दुसरी हजर. महिनाभर मी हे रुसवेफुगवे काढत होते. शेवटी सगळे आले, एक सोडून. त्या प्रोग्रामला एका गणिती लायब्ररीतलं एक जुनं फंक्शन, म्हणजे एक ठरावीक गणित करून देणारा तुकडा, हवं होतं. लायब्ररीच्या नव्या आवृत्तीतून ते काढून टाकलेलं, आणि जुनी आवृत्ती जिथे मिळायची ती साइट बंद. ज्याने प्रोग्रामचा तो भाग लिहिला तो मुलगा परदेशात, त्याचा पत्ता कोणालाच नाही.

आता खाली कोणीतरी शहाणपणा शिकवेलच, म्हणून आधीच सांगते. व्हर्च्युअल मशीन केलं, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा खोटा कॉम्प्युटर. जुनी ऑपरेटिंग सिस्टिम टाकून बघितली. ते फंक्शन स्वतः लिहायचाही प्रयत्न केला, उत्तरं चुकीची यायची, नदी डोंगरावर चढायची. माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीला फोन केला, ती आता मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. ती दोन दिवस बघून म्हणाली, मॅडम, सोडून द्या. सोडून कशी देऊ? तीनदा मुदतवाढ घेऊन झालेली, ही शेवटची होती. दिवाळीच्या सुट्टीआधी थीसिस जमा झाला नाही तर नोंदणी रद्द, आणि मग नोकरीचंही काही खरं नाही. स्टाफरूममध्ये मी आत गेले की विषय बदलायचे लोक. वाईट त्याचं वाटत नव्हतं... मलाच आतून वाटायला लागलेलं की आपल्याला जमण्यातलं नव्हतंच हे, उगाच हौस केली.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. विळी, कात्री, शिवणाचं मशीन, नितीनचा पाना-पक्कडीचा डबा, स्कूटरची किल्ली, आणि आईंचं पेन. आई म्हणजे माझ्या सासूबाई, त्या शाळेत शिक्षिका होत्या. नियम साधा आहे. एकदा पूजेला ठेवलं की दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला सकाळी हळद-कुंकू वाहून उचलेपर्यंत त्या वस्तूला काम लावायचं नाही. त्या दिवशी भाजीसुद्धा आदल्या दिवशी चिरलेलीच असते. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र मी दरवर्षी पळवाट काढायचे. घरात एक जुना, बिघडलेला माउस आहे, तोच पाटावर ठेवायचा. पूजाही झाली आणि कामही अडलं नाही. आई बघून न बघितल्यासारखं करायच्या.

त्या वर्षी नवमीला सकाळी मी पुन्हा एकदा कंपाइल लावलं. पुन्हा तिथेच अडकलं, त्याच फंक्शनवर. स्क्रीनचा फोटो काढून सरांना पाठवला. आणि मग काय झालं कोण जाणे, मी कॉम्प्युटरच्या डब्यावर, त्या कॅबिनेटवर, सणकून हात मारला आणि नको ते बोलले. शिवी दिली म्हणा ना. रडायलाही आलं. मागे बघते तर आई दारात, हातात झेंडूची फुलं.

त्या रागावल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "महिनाभर ऐकतेय, रोज त्याला शिव्या देतेस. आज एक दिवस हात जोड. आज माउस नाही चालायचा, त्यालाच पाटावर बसव. आणि तूसुद्धा बस जरा, चेहरा बघ आरशात."

एरवी मी वाद घातला असता. दिवस मोजके उरलेले, त्यातला एक पूजेत घालवायचा? पण खरं सांगू, वाद घालायचीही ताकद नव्हती. आयतंच कारण मिळालं म्हणून बरंच वाटलं. नितीनने कॅबिनेट उचलून हॉलमध्ये आणलं. केबली मी स्वतः काढल्या... विजेची, स्क्रीनची, इंटरनेटची, सगळ्या. गुंडाळून कपाटात ठेवल्या. पाटावर लाल कापड, त्यावर तो काळा डबा, पुढे विळी आणि कात्री. आईंनी त्याला हळद-कुंकू लावलं, डोक्यावर एक झेंडू ठेवला. मी हात जोडले. माफ कर बाबा, असं मनात म्हटलं, तेही चेष्टेत.

जेवण झाल्यावर तिथेच, हॉलमध्ये चटई टाकून आडवी झाले. आई खुर्चीत पोथी वाचत बसलेल्या, नितीन त्याच्या मित्राकडे गेलेला. कित्येक महिन्यांत अशी झोप लागली नव्हती. झोपेत एकदा मला कॅबिनेटच्या पंख्याचा आवाज आला. मोठं काम लावलं की तो पंखा घरघरतो, अगदी तसा. पायांना गरम वारा लागल्यासारखंही वाटलं. मला वाटलं स्वप्नातही हेच मेलं पाठ सोडत नाही, आणि कूस वळून परत झोपले. संध्याकाळी दिवा लावताना पाहिलं, बाकी सगळी फुलं ताजी आणि कॅबिनेटवरचा झेंडू तेवढा सुकून गेलेला. आईंनी दुसरा ठेवला. त्याचंही काही विशेष वाटलं नाही.

दसऱ्याला सकाळी पूजा उचलली, केबली लावल्या. नितीन शेजारीच चहा घेत उभा होता. आदल्या दिवशी जिथे अडकलेलं तिथूनच सुरू करू म्हणून मी कंपाइलची तीच कमांड दिली. स्क्रीनवर एक ओळ आली — नथिंग टू बी डन. म्हणजे करायचं काहीच बाकी नाही, सगळं तयार आहे. मी म्हटलं, झालं, आता हेही बिघडलं. पुन्हा दिली. पुन्हा तेच. मग फोल्डर उघडला. तयार झालेला प्रोग्राम तिथे होता. त्यावरची वेळ आदल्या दिवशीची, दुपारची.

आनंद नाही झाला. आधी भीती वाटली.

नितीनला असल्या गोष्टींचा माझ्याहून जास्त तिटकारा. तो म्हणाला, मशीनचं घड्याळ चुकलं असेल. बघितलं, घड्याळ बरोबर. म्हणाला, सकाळीच झालं असेल, तुझ्या लक्षात नसेल आलं. मग मी त्याला सरांना पाठवलेला फोटो दाखवला, त्यात ती एरर स्वच्छ दिसत होती, आणि त्यानंतर लगेच केबली काढलेल्या, त्याच्याच समोर. एवढ्यात आई खोलीत आल्या, आपट्याची पानं घेऊन. आमचे चेहरे बघून विचारलं काय झालं. मी सांगितलं, काम झालंय आई, पण कसं ते कळत नाही.

त्या म्हणाल्या, "काल दुपारी घरघरत होतं ना चांगलं. मला वाटलं, हिला राहवलं नाही, चालूच ठेवलंय. झोपली होतीस म्हणून बोलले नाही."

वायर जोडल्याशिवाय मशीन चालत नाही हे त्यांना कळत नव्हतं अशातला भाग नाही. त्यांनी मागे वाकून बघितलं नव्हतं, एवढंच.

मी लगेच त्याच्या कॉपी काढून ठेवल्या. मग सरांच्या थीसिसमधलं जे सोपं उदाहरण होतं, ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे, ते चालवलं. उत्तर बरोबर. सरांना नौपाड्यात जाऊन सगळं सांगितलं, पाटासकट. ते म्हणाले, उदाहरणं बरोबर येतायत ना, मग चालव आणि बाकी मला विचारू नकोस. शहाडचा पूर चालवला. प्रोग्रामने काढलेली पाण्याची पातळी आणि मी भिंतींवर मोजलेल्या खुणा अगदी जवळजवळ आल्या. नदी जिथे जायची तिथेच गेली. थीसिस मुदतीत जमा झाला.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं. हा प्रोग्राम दुसऱ्या कोणाला तयार करायचा असेल तर? मी म्हटलं, सर, मलाच दुसऱ्यांदा करता आलेला नाही. एक प्रत चालते, तिची उत्तरं तपासलेली आहेत, एवढंच मी सांगू शकते. थीसिसमध्येही तसं लिहिलंय. त्यांनी भुवया उंचावल्या, पण मोजमापं आणि नकाशे बघून समाधान झालं असावं. पदवी मिळाली, नोकरी टिकली. स्टाफरूममध्ये पेढे वाटले.

त्या दसऱ्यापासून आजपर्यंत मी कितीदा तरी त्याच मशीनवर, त्याच मजकुरावरून, कोऱ्या फोल्डरमध्ये पुन्हा कंपाइल करून बघितलंय. प्रत्येक वेळी तीच एरर, तेच फंक्शन सापडत नाही. लायब्ररीत शोधलं, तिथे ते नाहीच. मग तयार प्रोग्राममध्ये ते आलं कुठून? मला माहीत नाही. विजेशिवाय मशीन कसं चाललं, तेही माहीत नाही. कोणाकडे पटेल असं कारण असेल तर जरूर सांगा, मी मनापासून वाट बघतेय. देवाने केलं वगैरे मला म्हणायचं नाही. आईसुद्धा तसं म्हणत नाहीत. मी फार डोकं धरून बसले की त्या एवढंच म्हणतात, "शहाडला उन्हात कोण फिरलं? मग?"

त्यांचं बरोबर असेल. खुणा मी मोजल्या, नकाशे मी काढले, पानं मी लिहिली. तरी जिथे माझं डोकं संपलं होतं, तिथून पुढची एक पायरी माझी नाही, आणि तिच्याचवर बाकी सगळं उभं आहे. हे नितीनला सांगून कळत नाही. निकाल लागला त्याच आठवड्यात तो हौसेने दारावरची नवी पाटी करून घेऊन आला, माझ्या नावाआधी 'डॉ.' लिहिलेली. सुंदर आहे पाटी. कपाटात आहे, कागदातून काढलेलीही नाही. येणारे-जाणारे विचारतात तेव्हा मी सांगते, भिंतीला ड्रिल मारायचं राहिलंय. ड्रिल घरातच आहे.