छत्तिसावं दार

आमचे शेजारी काशीराम परब म्हणजे गाऱ्हाण्याचा माणूस. दिंडोशीच्या आमच्या छत्तीस घरांच्या बैठ्या चाळीत माघी गणपती बसला की हात जोडून देवाला साकडं घालायचं काम तीस वर्षं त्यांचंच. कोकणातल्या गावाकडची ही गाऱ्हाण्याची रीत त्यांनी इथेही सोडली नाही. घराघराचं नाव घेत कुणाची परीक्षा, कुणाचं लग्न, कुणाचे गुडघे, सगळं ते देवाच्या कानावर घालत. कागद नाही, चिठ्ठी नाही. प्रत्येक मागण्यापाठोपाठ सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं, "व्हय म्हाराजा." कॉलेजात असताना मी याला हसायचे. पण माझ्या परीक्षेचं नाव निघालं की बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

चाळ पडून तिथे नऊ मजली इमारत झाली आणि दिवाळीत आम्ही राहायला गेलो. त्याच सुमारास परबकाकांचा उजवा हात अर्धा तास लुळा पडला. डॉक्टर उत्तरा सामंत यांनी तपासण्या करून बजावलं, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत चरबी साचते आहे, कोलेस्टेरॉलची गोळी रोज घ्यायची. पुढच्याच महिन्यात इमारतीच्या पूजेला काकांनी गाऱ्हाणं सुरू केलं आणि सहाव्या नावाला अडकले. लोकांनी सांभाळून घेतलं, पण काकांचा चेहरा उतरला. त्यात कुणीतरी मोबाइलवर पाठवलं, ही गोळी मेंदू खाते. असले मेसेज पाठवणाऱ्यांची बोटं बांधून ठेवायला हवीत.

जानेवारीत वनमालाकाकी तुळशीची माती बदलायला बसल्या, तर कुंडीत गोळ्याच गोळ्या.

"तुळशीचा कोलेस्टेरॉल वाढला काय वो?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

काकांनी आधी गोळ्यांवर माती लोटली. मग म्हणाले, "हात गेलो तर चलात. नावां गेली तर माका कोण इचारतलो?"

काकींनी त्यांना तडक दवाखान्यात नेलं. साक्षीदार म्हणून मलाही ओढलं.

"गोळी सोडून किती दिवस झाले?" डॉक्टरांनी विचारलं.

"दीड महिनो."

"मग नावं परत आली?"

काका जमिनीकडे बघत म्हणाले, "नाय."

"मग तिच्यावर आळ कशाला? हे बघा काका, थोड्या लोकांना या गोळीने विसरल्यासारखं होतं. तसं वाटलं तर मला सांगायचं, आपण औषध बदलून बघू. पण मोठमोठ्या अभ्यासांत तिने मेंदू बिघडतो असं दिसलेलं नाही. म्हातारपणचा विसर ती टाळते का, तेही अजून नक्की नाही. पक्षाघाताचा धोका मात्र ती कमी करते, आणि तुम्हाला तोच आहे."

घरी येताना लिफ्ट मध्येच चौथ्या मजल्यावर थांबली. काकांनी बाहेर डोकावून विचारलं, "हय कोण रवता गो?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चाळीत काकांचं दार पहिलं आणि नळ दुसऱ्या टोकाला. तीस वर्षं रोज सकाळी बादली घेऊन ते प्रत्येक दारावरून गेले, प्रत्येकाशी बोलले. गाऱ्हाण्यातली नावंही त्याच क्रमाने यायची. आता लिफ्टमध्ये शिरलं की थेट नववा मजला, वाटेत एकही दार नाही. मी हे बोलून दाखवलं, तर काका मोठ्याने हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

दुसऱ्या दिवसापासून ते डॉक्टरांना विचारून रोज जिना चढू लागले. मजल्यामजल्यावर थांबायचं, दारं वाजवायची, चौकशा करायच्या. तिसऱ्या मजल्यावर चहा ठरलेला. सगळ्यांत शेवटी स्वतःचं दार, आणि तिथे काकी गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन उभ्या. गोळी गिळेपर्यंत त्या हलत नसत.

माघी गणपतीला मंडप भरला. काकांनी डोळे मिटले आणि तळमजल्यापासून चढायला सुरुवात केली. नितेशची नोकरी, श्रुतिकाचं बाळंतपण, एकही घर सुटलं नाही. पस्तीस झाली आणि आम्ही प्रसादाकडे वळलो. चाळीत काका आपल्या दारातून निघून पुढे जात, म्हणून त्यांचं घर गाऱ्हाण्यात कधी आलंच नव्हतं. हे आमच्या कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

"आणि बा देवा म्हाराजा," काका थांबले नव्हते, "नवव्या माळ्यार, शेवटच्या दारात माजी वनमाला उभी आसा. तीस वर्सां तिचा नाव घेवक इसारलंय. तिका सुखात ठेव रे म्हाराजा."

काकी पदराने डोळे पुसत होत्या. तरी सगळ्यांच्या आधी त्यांचाच आवाज आला, "व्हय म्हाराजा."