हैदराबाद, सव्वा तास

आमच्या दैनिकाच्या दुसऱ्या पानावर तळाशी विमानांची चौकट असे. चिकलठाणा विमानतळावरून मुंबई, दिल्ली, हैदराबाद. पुढे हवाई अंतर आणि लागणारा वेळ. हैदराबादपुढे सव्वा तास. ते थेट विमान बंद होऊन कित्येक महिने झाले होते. बंद झाल्याची बातमी मीच लिहिली होती. चौकट मात्र रोज आदल्या दिवशीची उचलून तशीच लावली जाई.

एका दुपारी देवगाव रंगारीचे एक शेतकरी कचेरीत आले. साठीचे असावेत, डोके नुकतेच भादरलेले. त्यांनी खिशातून कात्रण काढून माझ्या टेबलावर ठेवले. आमचीच चौकट.

"हे कुणी लिवलं?"

घडले होते ते असे. त्यांचे थोरले भाऊ संध्याकाळी वारले. भावाचा एकुलता मुलगा हैदराबादेत नोकरीला. यांनी गावातल्या बूथवरून त्याला फोन केला. तो लगेच बसने निघणार होता. सकाळी पोचला असता. यांच्या हातात आमचा पेपर होता. यांनी सांगितले, बसमध्ये एकटा रडत येऊ नको, सकाळी विमान धर, सव्वा तास लागतो. सकाळी विमानतळावर मुलाला कळले की थेट विमानच नाही. तो मुंबईमार्गे आला. दिवस मावळल्यावर त्यांच्याकडे अग्नी देत नाहीत, म्हणून मंडळी थांबली नाहीत. अग्नी यांच्या मुलाने दिला. पुतण्या पोचला तेव्हा चिता विझत आली होती.

"आता पोरगं म्हनतंय, काका, तुम्ही मुद्दाम अडकवलं मला. तुमच्या पोराच्या हातून व्हावं, मंग जमिनीवर हक्क सांगावा म्हनून. दहाव्याला माझ्याकडं पाठ करून बसला."

त्यांना एकच हवे होते. चूक पेपरची होती, एवढे पेपरात छापून यावे.

मी त्यांना वृत्तसंपादकांकडे नेले. ते म्हणाले, "काका, आम्ही हवेतलं अंतर दिलंय. ते बदललंय का?"

"तुम्ही हवेत राहता व्हय?"

शेजारच्या टेबलावरून एक जण हसत म्हणाला, "विमान बंद झाल्याची बातमीबी छापली होती की आम्ही. ती नाय वाचली?"

"ती एक दिस छापली. हे रोज छापता."

मी खुलासा लिहून दिला, त्यात 'ही आमची चूक होती' हे शब्द होते. दुसऱ्या दिवशी छापून आले ते असे: हैदराबाद विमानसेवेचा तपशील तूर्त वगळला आहे. माझे चार शब्द कापले होते. ज्यांनी कापले त्यांना एका घराची गोष्ट ठाऊक होती, आणि तरी पेपरची अब्रू त्यांना मोठी वाटली. मीही भांडलो नाही. त्याची चीड आजही आहे, आणि ती आधी माझ्यावर आहे.

ते पुन्हा आले. नवे कात्रण पुढे करून त्यांनी ओळीवरून बोट फिरवले.

"ह्याच्यात तुमची चूक कुठं हाय?"

मी कचेरीच्या कागदावर हाताने सगळे लिहिले आणि खाली सही केली. त्यांनी कागद उलटून पाहिला.

"शिक्का?"

शिक्का वृत्तसंपादकांच्या खणात होता. मी मागायला गेलो. त्यांनी खण उघडला नाही.

काकांनी बिनशिक्क्याचा कागद घडी घालून खिशात ठेवला. "मानंल का पोरगं?" एवढेच विचारून ते देवगावची गाडी गाठायला निघाले.